सुटायला जागा ठेवा

मित्रांनो, मला ओढा! घाबरू नका, चांगला हिसका मारून ओढा. माझा जन्मच त्यासाठी आहे. मी फ्लॅग फुटबॉलची एक जुनी लाल पट्टी आहे. सध्या अर्धीच उरले आहे. बाकीची कुठे गेली ते सांगते, पण मला घाई आहे. उद्या सामानाच्या खोलीची सफाई आहे आणि मी चिंध्यांच्या पिशवीत अगदी वरच पडले आहे.

आमच्या खेळात कुणी कुणाला पाडत नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंनी आम्ही लटकतो. बचाव करणारीने आम्हाला उपटलं की पळणारी जागच्या जागी थांबते. माझ्या टोकाला वेल्क्रो होतं, त्यानेच मी कमरपट्ट्याला चिकटायचे. सुटताना मी अशी काही 'चर्रर्र' वाजायचे की अख्खं मैदान मान वळवून बघायचं आणि मुली ओरडायच्या, "सुटली!" मला तो शब्द टाळ्यांसारखा वाटायचा. नव्या मुली आल्या की शिकवणाऱ्या ताई मलाच कमरेला लावत. "हिचा आवाज ऐका. असा आवाज आला म्हणजे बचाव झाला."

ताई दोघींना समोरासमोर उभं करत. एक डावी-उजवीकडे झुलायची, दुसरीने आरशासारखं तसंच झुलायचं. मग पळापळ. "धावत जाऊन आदळू नका गं! जवळ आलात की पावलं बारीक करा, गुडघे वाकवा. आणि तिच्या डोळ्यांत काय बघता? डोळे थापा मारतात. कमरेकडे बघा!"

हे सगळं एकीला पाठ होतं, पण जमत नव्हतं. तिला सगळ्या मुंगी म्हणत. ती नेमकी डोळ्यांत बघायची, फसायची आणि मूठभर हवा पकडायची. वर तिची स्वतःची पट्टी, म्हणजे बहुतेकदा मीच, कुणीही येऊन काढून न्यायचं. "मुंगीबाई, पट्टी सांभाळा!" असं म्हणत सुसाट नावाची वेगवान मुलगी हसायची. त्यात माझ्या वेल्क्रोत केस आणि गवत अडकून ते ढिलं झालं होतं. कुणी कधी साफ केलं नाही. मी नुसत्या वाऱ्यानेही गळून पडायचे.

संघ ठरण्याच्या आदल्या दिवशी पट्टे धुवायची पाळी मुंगीची होती. घरी बादलीपाशी बसून ती मुसमुसत होती. तिची आई गाद्यांच्या खोळी शिवायची. आईने मशीन थांबवून विचारलं, "काय झालं गं?"

"माझी पट्टी सुटते, आई. सारखी सुटते. सगळ्या हसतात."

मित्रांनो, शिवणाऱ्या बाईच्या कानाला 'सुटते' कसं ऐकू येतं? शिवण सुटली, काम कच्चं निघालं! लेक झोपल्यावर माउलीने सगळ्यांत ढिली म्हणून मला शोधून काढलं आणि खोळीच्या जाड दोऱ्याने, दुहेरी टीप घालून, कमरपट्ट्याला पक्कं शिवून टाकलं. वर हात फिरवून म्हणाली, "आता सुट बघू!"

मी किंचाळत होते. पण चिंधीचं कोण ऐकतं?

सकाळी मैदानावर कमरपट्ट्यांची अदलाबदल झाली आणि मी सुसाटच्या कमरेला गेले. समोर मुंगी. ताई म्हणाल्या, "मुंगे, आज एक तरी पट्टी आण. नाहीतर मी तरी काय करू?"

सुसाट निघाली. मुंगीने पावलं बारीक केली. गुडघे वाकवले. आणि मित्रांनो, तिने डोळ्यांत बघितलंच नाही! ती थेट माझ्याकडे बघत होती. तिच्या घामेजल्या बोटांनी मला घट्ट धरलं.

मी सुटले नाही. मुंगी फरपटत गेली, कोपर सोलवटलं, हात निसटला.

"ताई, आली होती हातात!"

"स्वप्नात आली असेल," सुसाट म्हणाली.

ताईंनी मान फिरवली. मुंगी रडत म्हणाली, "अजून एकदा. फक्त एकदा, ताई."

पुन्हा धाव. पुन्हा ती बोटं. मी जिवाच्या आकांताने दोऱ्याशी झटत होते. या वेळी तिने सोडलं नाही, तिने अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. शिवण सुटली नाही. मीच फाटले.

ताईंनी सुसाटचा कमरपट्टा उलटा करून बघितला. "शिवलंय हे! ही तर चक्क फसवणूक. कुणाचं काम?" सुसाट दोन पावलं मागे सरली. "माझं नाही, ताई! आईशप्पथ!"

मुंगीने टीप ओळखली. गप्प राहिली असती तर सुसाट संघाबाहेर गेली असती.

"माझ्या आईचं," ती म्हणाली. "मी म्हटलं पट्टी सुटते. तिला वाटलं, उसवते."

ताई मटकन गवतात बसल्या. हसू आवरेना, डोळे पुसता पुसेनात. मग मुंगीच्या मुठीतला माझा तुकडा बघून म्हणाल्या, "शिवलेली पट्टी आणलीस, बये. सुट्या पट्टीची काय बिशाद? संघात आहेस."

तो तुकडा मुंगीकडे आहे. मी उरलेली इथे आहे, दुहेरी टिपेसकट. बाहेर झाडू आपटल्याचा आवाज येतो आहे.

मित्रांनो, मला फेकू नका. टीप उसवा, वेल्क्रोतले केस काढा, मला एक नवा तुकडा जोडा. जीव लावून शिवा. पण एवढी दया करा, सुटायला जागा ठेवा. मला अजून एकदा वाजायचं आहे.