जिराफासाठी गाऱ्हाणं

माझी बायको आनंदी गेल्यावर माझी धाकटी बहीण मथुरा मला देवगडहून आचऱ्याला घेऊन आली. देवगडच्या घराला कुलूप लावलं आणि माझी पत्र्याची ट्रंक तिच्या पडवीत ठेवली.

"आता हंयच रव, दादा," ती म्हणाली.

मी "बघू" म्हटलं. इथे राहायचं की आनंदी नसलेल्या त्या घरात परत जायचं, ते मलाच कळत नव्हतं. म्हणून ट्रंक उघडली नाही.

सुरुवातीला मी त्या ट्रंकेशेजारीच बसून असायचो. पेज तिथेच, झोप तिथेच. मथुरा केर काढताना म्हणायची, "पाय वर घे. नायतर ट्रंकेवांगडा तुकाय झाडून काढतंय."

मग एका सकाळी उठलो आणि चालायला लागलो. समुद्राच्या कडेने, सड्यावर, माडांच्या बागांतून, लोकांच्या परसातूनसुद्धा. रोज तेच. एकदा चालत थेट खाडीवर गेलो. पलीकडून देवगडची वाट. होडीवाल्या गणपतने विचारलं, "सोडू पलीकडे?" मी नको म्हटलं आणि मागे फिरलो. पण त्याची बायको मासे विकायला आणि ही बातमी घेऊन आमच्या दारावर माझ्याआधी पोचली होती.

"देवगडाक पळतलस?" मथुराने दारातच धरलं.

"नाय गो. माझा जिराफासारखा झाला हा."

"कोणासारखा?"

मग तिला सांगावं लागलं. मी आफ्रिकेत लॉरी चालवायचो तेव्हाची गोष्ट. तिथे रान तोडून शेती व्हायला लागली तेव्हा तिथले जिराफ आम्ही लांबच्या राखीव रानात नेऊन सोडायचो. जिराफ लॉरीत उभा, मान वर बाहेर. वाटेत एका चहावाल्याचं गवती छप्पर त्याने जाता जाता खाल्लं. शिव्या मात्र मला. रानात पोचून फळी उघडली तर हा बाहेरच येईना. आला तो लाकडी कुंपणापाशीच घुटमळत राहिला. समोर एवढं रान मोकळं! मग एका सकाळी गायब. एवढं उंच जनावर शोधायला सोपं वाटतं, पण झाडांत उभं राहिलं की तेही झाडच. आज या टोकाला, परवा त्या टोकाला. हद्दीपर्यंत जायचा आणि आला त्या दिशेला तोंड करून उभा राहायचा.

"मगे तेका परत लॉरीत घातलास?"

"नाय. रानाचो साहेब म्हणालो, थांबूया."

"आणि?"

"एका वहाळाकडे बाभळीची झाडा होती. थंय दुसरे जिराफ होते. आमचो जिराफ थंयच रवलो. येवढा मोठा रान, पण तेणी तेवढोच तुकडो आपलो केलो."

मथुरा गप्प बसली की काळजी करावी, असं आनंदी नेहमी म्हणायची.

सोमवारी मथुराने मला देवळात नेलं. तिच्या हातात नारळ होता. गावकर गंगाराम गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. तो देवाला सगळ्यांदेखत मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून ते आमच्या तोंडात बसलेलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक मथुरा नारळ ठेवता हा, तो मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो भाव देवगडासून इलो हा. तेचो पाय खंय थारत नाय. तो खाडीवर गेलो तर मागे फिरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मथुराकडे बघितलं. ती डोळे मिटून उभी होती.

"आफ्रिकेतला ता लांब मानेचा जनावर जसा नव्या रानात रवला, तसो हेका आमच्या शिवेत ठेव, म्हाराजा!"

शेजारची हौसाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्यामागून सगळं देऊळ हसायला लागलं. गंगाराम मात्र थांबला नाही.

"आणि हेची ट्रंक एकदाची उघडूंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाकीचे हसण्यात होते. तो आवाज माझ्या एकट्याचा होता.

मथुराने डोळे उघडले. "देवासमोर बोललस हां, दादा!"

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. माझे दोन सदरे होते. बाकी सगळी आनंदीची लुगडी. मथुराने आत जाऊन फडताळाचा एक कप्पा रिकामा केला.

"येवढोच तुकडो आसा," ती म्हणाली.

"पुरे," मी म्हटलं.