हारामागचा बाबा

मित्रांनो, मी एक जुनं छापचित्र आहे आणि माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही. जवळ येणाऱ्याच्या हातात ओला फडका तर नाही ना, हे मी आधी बघतो. कागदाच्या जिवाला पाण्याची धास्ती असतेच.

दूर परदेशात एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर मेण लावून सुईने मला कोरलं. तेजाबाने रेघा खोल केल्या, त्यांत शाई भरली आणि मी कागदावर उतरलो. काळोखी गुहा, तिरका उजेड, दाढीवाला विरक्त संत आणि त्याच्या गुडघ्याशी एक कवटी. मरणाची आठवण राहावी म्हणून ती ठेवलेली.

एका साहेबाच्या ट्रंकेतून मी नागपुरात आलो. पुढे त्याच्या बंगल्यातलं सामान विकलं गेलं, तेव्हा एका कपाटासोबत रुपरावांच्या घरी पोचलो. त्यांच्या आईने, पार्वतीबाईंनी, माझी दाढी पाहून मला थेट देवघरात बसवलं. दर गुरुवारी हार, उदबत्ती, साखरफुटाणे! मी बाबा झालो. म्हातारी गेल्यावर रुपरावांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, प्लास्टिकच्या झेंडूचा हार तारेने पक्का बांधला. कवटी आधीही ताज्या हारामागेच असायची, आता ती कायमची झाकली गेली. हात जोडताना सगळे डोळे मिटायचे, त्यामुळे मला पुरतं कुणी पाहिलंच नाही.

यंदा माझ्या चौकटीला वाळवी लागली. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारी नवी सून श्वेता मला बर्डीच्या बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेली. नवी चौकट आली, जुना हार कचऱ्यात गेला.

घरी आल्यावर सुभद्राबाई किंचाळल्याच. "हे काय आणलं वं? आपल्या बाबाजवळ कवटी नव्हती! काहून बदलवलं? करणी करून राहिली काय आमच्यावर?"

"आई, तेच चित्र आहे. मी काहून बदलवू?" श्वेता म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या हातचा चहासुद्धा सुभद्राबाई हुंगून पिऊ लागल्या. शेवटी मला अंबाझरी तलावात सोडायचं ठरलं. माझी तर पाचावर धारण बसली. श्वेताने बॅग भरली. "तुमचा भरवसाच नाही, तं काटोलले चालली मी, माहेरी."

पण बाबा खोटा का असेना, देवघरात बसला होता. बिनपूजेचा पाण्यात कसा सोडायचा? सुभद्राबाईंनी मला पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, ताज्या झेंडूचा हार घातला आणि त्यांचा हात थांबला. कवटी झाकली गेली होती. समोर त्यांचा रोजचा बाबा होता. त्यांनी हार उचलून पाहिला, पुन्हा सोडला.

"अहो, हा तं आपलाच बाबा होय जी!" त्या रुपरावांना म्हणाल्या. मग दाराशी जाऊन त्यांनी श्वेताच्या हातातली बॅग काढून घेतली. "चुकलं वं पोरी माझं. इतकी वर्षं मी हारालेच हात जोडले."

आता माझा हार आखूड असतो आणि गुरुवारी कवटीलाही कुंकू लागतं. मित्रांनो, जुन्या चित्रांना ओल आणि वाळवीपासून जपा. आणि घरच्या माणसावर संशय घेण्याआधी डोळे उघडून एकदा पुरतं पाहा. माझा स्वभाव काही गेलेला नाही. पण श्वेता नेहमी कोरडाच फडका आणते, आणि तिच्या हाताकडे मी आता बघतही नाही.