कोपराची सावड

अन्यायापुढे न झुकण्याची थोर परंपरा कापड्याच्या वरच्या वाडीला आहे, असं वाडीतले लोक सांगतात. शकू या परंपरेत बसत नाही. ती झुकली. आषाढातली सकाळ होती, पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ चढलेलं होतं आणि काखेला शेणाची पाटी होती. म्हणून ती पायाखाली बघत, जराशी झुकूनच चालली होती, आणि तशीच चुलत दिराच्या खड्ड्यात गेली.

खड्डा चांगूने खणला होता, गेटच्या खांबासाठी. चांगूच्या घराला कुंपण नव्हतं. ते पुढल्या वर्षी घालायचं होतं, पण लोखंडी गेट महाडच्या भंगारवाल्याकडे आयतं मिळालं, म्हणून ते आधी आलं. खड्डा निम्मा चांगूच्या अंगणात आणि निम्मा सगळ्यांच्या वाटेवर आला. त्यात आपली शेळी पडेल या काळजीने चांगूने त्यावर एक जुना फ्लेक्स पसरला आणि कडेला दगड ठेवले. फ्लेक्सवर त्याचा पुतण्या होता, गॉगल लावून, हात जोडून, खाली 'भावी सरपंच'. शेळी एवढ्या मोठ्या तोंडाला बुजेल असा चांगूचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. शेळी बुजली. शकूने पुतण्याला नागडा असल्यापासून पाहिलेला, ती बुजली नाही. तिने त्याच्या गॉगलवर पाय दिला.

उजवा हात अंगाखाली आला. कोपरात काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं वाजलं.

"कोन हाय गो?" चांगूची बायको चंद्राबाई पडवीतून ओरडली.

"तुजी शेळी!" खड्ड्यातून शकू म्हणाली.

चांगू तोंडात मशेरी घेऊन बाहेर आला. त्याने आधी फ्लेक्स बघितला. तो मधोमध फाटला होता. मग वहिनीला बघितलं.

"वयनी, वाट एवढी मोठी हाय. तुमाला हितंच पाय टाकायचा व्हता?"

"भावजी," शकू दातओठ खात म्हणाली, कारण नात्याचा मान शिवीच्या आधी येतो, "तुमच्या तोंडात माती पडो. आदी मला भायेर काडा, मंग वाट दाखवा."

महाडला एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी बोटापासून दंडापर्यंत प्लास्टर घातलं आणि हात यापुढे पूर्ण सरळ होईलच असं नाही, असं तिच्या नवऱ्याला, रामाला, सांगितलं. रामा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्टवर होता. पंधरा वर्षं रसायनांच्या वासात काढल्यामुळे असेल, तो कुठल्याच गोष्टीला पटकन तोंड देत नसे. तो एवढंच म्हणाला, "लावनीचं कसं करायचं?"

खरा प्रश्न तोच होता. रोप तयार होऊन वाऱ्यावर डुलत होतं. आणखी आठवडाभर राबात, रोपाच्या वाफ्यात, राहिलं तर दांडरून राठ होणार आणि मग त्याला लोंब्या येणार त्या चांगूच्या दाढीसारख्या, कुठेकुठे. लावणीला मजूर मिळत नव्हता, कारण वाडीतली हात असलेली माणसं मुंबईला होती. शकूचा डावा हात मूठ धरायचा आणि उजवा लावायचा. आता उजवा गळ्यात बांधलेला. शिफ्टला निघण्याआधी रामा तिची वेणी घालायचा, ती सुटायची, आणि दिवसभर ती सुटलेले केस घेऊन चांगूच्या दारावरून मुद्दाम येऊन-जाऊन करायची.

"बगतायसा काय?" ती म्हणायची. "लावनी झाली तुमची?"

"व्हईल की."

"माजी कोन करनार? तुमचा गॉगलवाला?"

"पोराला मदी आनू नका."

"मदी तुमीच आनलात. वाटंच्या मदी आनून निजवलात त्याला."

शेवटी तिने गावकीत तक्रार टाकली. संध्याकाळी देवळात बैठक बसली. अध्यक्ष राजेंद्र गुरुजी, निवृत्त शिक्षक, यांनी चष्मा पुसला. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी मंगेश फोनवर होता. मंडळाशिवाय गावकीचा निर्णय पक्का होत नाही आणि देवळात रेंज फक्त नंदीच्या पाठीवर येते, त्यामुळे मंगेश नंदीवर होता.

"शकुंतलाबाई, आपलं म्हणणं मांडा," गुरुजी म्हणाले.

"ह्यांनी वाटंवर खड्डा खनला. माजा कोपर गेला. भरपाई पायजे."

"चांगू?"

"गुरुजी, मी खड्डा उगडा ठेवला व्हता का? झाकला व्हता."

"झाकला म्हणूनच पडल्या त्या."

"माजी शेळी नाय पडली. शेळीला कळतं, वयनीला कळत नाय, त्याला मी काय करू?"

"शेळीला सोडा," गुरुजी म्हणाले. "वाट सगळ्यांची आहे. वाटेवर खड्डा, म्हणजे तुमचा हलगर्जीपणा."

नंदीवरून मंगेश बोलला, "बरोबर हाय गुरुजी. इकडे मुंबईत तर डायरेक्ट केस होते. सॉलिड मॅटर हाय हा. वहिनीने कोर्टात जायला पायजे."

"तू ये मंग," शकू फोनकडे तोंड करून म्हणाली. "महाडला तारखांना तू जा. मी लावनी करते."

मंगेशची रेंज गेली.

"तुम्हाला भरपाई म्हणून हवं तरी काय?" गुरुजींनी विचारलं.

"पैशे हे देनार नायत, माजं हाड वाळून जाईल तरी. मला हात पायजे. माजा हात ह्यांनी मोडला, ह्यांनी आपला द्यायचा. माजी लावनी संपस्तंवर चांगूभावजी माज्या खाचरात लावनीला."

चांगू हा वाडीतला असा माणूस होता की त्याची स्वतःची लावणीही चंद्राबाई करायची आणि तो बांधावर उभा राहून पावसाबद्दल मत द्यायचा.

"मी? बायांच्या वळीत?"

"कोपर काय बापयाचा मोडला व्हता?" शकू म्हणाली.

बायका हसल्या. गुरुजींनी निर्णय दिला. मंगेशने रेंज आल्यावर ओके म्हटलं. वाडीत पहिल्यांदाच कुणाला तरी भरपाई मिळाली होती, आणि त्या रात्री शकूला प्लास्टरमध्ये खाज सुटूनसुद्धा झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी चांगू आला. आंबेनळी घाटाच्या बाजूने ढग असे उतरले होते की डोंगराला कंबरेखालीच काय तो आकार होता. चांगू डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन गुडघाभर चिखलात उतरला. शेजारी सारिका आणि समीक्षा, वाडीतल्या दोन सुना, सावडीला आल्या होत्या. शकू बांधावरून डाव्या हाताने रोपाच्या जुड्या फेकत होती. डावा हात अजून सरावलेला नव्हता असं ती म्हणायची, पण प्रत्येक जुडी चांगूच्या पुढ्यात बरोबर एवढ्या अंतरावर पडायची की चिखल त्याच्या तोंडावर यावा.

"वयनी, जरा बाजूला!"

"वाट एवढी मोठी हाय भावजी. तुमाला हितंच तोंड ठेवायचं हाय?"

"रोप वाकडं लागतंय," समीक्षा म्हणाली.

"त्यांचं सगळंच वाकडं लागतंय," शकू म्हणाली. "फिरून लावा."

चांगूने फिरून लावलं. दुपारपर्यंत त्याची पाठ सरळ होईना.

दुपारी जेवणाची वेळ झाली. इथे वाडीची रीत सांगायला हवी. मजुरीवर येणारा आपली भाकरी आपण आणतो. सावडीवर येणाऱ्याला, म्हणजे आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, त्याला घरधनीण जेवू घालते. भरपाईवर येणाऱ्याने काय करायचं याची रीत नव्हती, कारण आजवर कोणी आला नव्हता.

चांगूने भाकरी आणली नव्हती. चंद्राबाईने दिली नव्हती. ती म्हणाली होती, वयनीच्या शेतात जाताव तर वयनीच्या जिवावर जेवा. तो बांधाच्या टोकाला पाठ करून बसला. शकूने सारिकेला वाढलं, समीक्षेला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वास पावसातूनसुद्धा चांगूपर्यंत जात होता. त्याचे कान हलले.

शकूने ठरवलं होतं की घालायचं नाही. तिने एक घास खाल्ला. दुसरा तोंडाशी नेला. पण आपल्या खाचरात माणूस पाठ फिरवून उपाशी बसलाय आणि आपण चावतोय, हे कापड्यातल्या बाईला जमत नाही. दुश्मन असला तरी जमत नाही. ते कोपर मोडण्यापेक्षा अवघड पडतं.

"उटा," ती खेकसली आणि ताट चिखलाच्या कडेला आदळलं. "उपाशी मेलाव तर त्याचीपन गावकी बसंल माज्यावर."

चांगूने चार भाकऱ्या खाल्ल्या. लावणी संपेपर्यंत तो रोज आला, रोज चिखल खाल्ला आणि रोज तिच्या हातचं जेवला.

शेवटची जुडी लागली. शकूचं खाचर हिरवं उभं राहिलं. चांगू ओढ्यावर पाय धुऊन आला.

"वयनी, आमच्याकडं कवापासून येतायसा?"

"कशाला?"

"लावनीला. माजी व्हायची हाय अजून."

"मी का येऊ? तुमी भरपाईला आलाव."

"भरपाईला कोन जेवू घालतं? तुमी मला जेवायला घातलाव. म्हंजे सावड झाली. सावड फेडायला लागते."

हे चांगूला स्वतःला सुचलेलं नव्हतं. चंद्राबाईला पहिल्या संध्याकाळीच सुचलं होतं, आणि ती लावणी संपेपर्यंत गप्प राहिली होती.

पुन्हा देऊळ, पुन्हा नंदी, पुन्हा मंगेश.

"तुम्ही याला जेवू घातलंत?" गुरुजींनी विचारलं.

"घातलं. कुत्र्यालापन घालतो मानूस."

"कुत्रा सावडीला येत नाही, शकुंतलाबाई."

"माजा हात गळ्यात हाय गुरुजी! दिसत नाय का?"

"दिसतो. पण रीत ही रीत आहे. जो जेवला तो सावडीला आला. आज तुमच्यासाठी मोडली तर उद्या कुणी कुणाकडे लावणीला जाणार नाही."

"मग ते आले ते काय म्हनून आले? खड्डा कुनी खनला?"

"खड्डा त्याने खणला. जेवण तुम्ही वाढलंत."

मंगेश म्हणाला, "वहिनी, टेक्निकली गुरुजी राइट हायत."

"तू नंदीवरून उतर आदी," शकू म्हणाली.

रामाने घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं, तिची वेणी सोडली आणि म्हणाला, "मी जातो सुट्टीच्या दिवशी."

"तुमी नाय. मी जाते. आनि बगाच तुमी."

रात्रभर विचार करून तिला सापडलं होतं. जो जेवला तो सावडीला आला; ठीक. मग जो जेवला नाही, तो सावडीला आला नाही. ती चांगूच्या खाचरात जाईल, दिवसभर जुड्या टाकेल, आणि त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. म्हणजे तिची सावड फिटली असं होणारच नाही, आणि फुकट राबवून घेतलेल्या मोडक्या हाताचं चांगूला पुन्हा देणं लागेल. वर गावभर होईल ते वेगळंच, की चांगूच्या खाचरातून बाई उपाशी गेली. ती सकाळी बांधावर उभी राहिली आणि हे सगळं मोठ्याने, खालच्या वाडीला ऐकू जाईल असं, बोलून दाखवलं.

चांगूच्या हातातली जुडी खाली पडली. चंद्राबाईने पदर खोचला.

"बगू की कशी जेवत नाय."

दुपारी चंद्राबाई टोपलं घेऊन आली. खेकड्यांचं कालवण होतं, ओढ्यातल्या, आदल्या संध्याकाळी पकडलेल्या, खोबरं भाजून वाटून लावलेलं. तांदळाची गरम भाकरी. तिने ताट वाढून शकूच्या पुढ्यात धरलं.

"जेव गो."

"नको."

"जेव म्हनते ना."

"कोपर बरा कर माजा, मंग जेवते."

"वयनी, पाया पडतो," चांगू म्हणाला. "मानसं बगतायत."

"बगू द्या. त्यासाठीच आले."

सारिका-समीक्षा हात धुऊन, खोळ ओढून उभ्या राहिल्या. खालच्या खाचरातला नांगर थांबला. पाऊस तिरपा यायला लागला. शकू तोंड फिरवून बसली, गळ्यातला हात भिजू नये म्हणून पोटाशी धरून. चंद्राबाईने शेवटी ताट तिच्या मागे बांधावर ठेवलं, वर केळीचं पान झाकलं आणि खाचरात उतरली. सगळेच उतरले. बघायला काही उरलं नाही की माणसं कामाला लागतात.

बऱ्याच वेळाने चांगू ताट उचलायला वर आला. पान बाजूला होतं. ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. खेकड्यांच्या नांग्या फोडून कडेला ओळीने ठेवल्या होत्या.

"जेवली!" तो ओरडला. "गुरुजींना बोलवा! सावड फिटली!"

गुरुजी छत्री घेऊन बांधावर आले तेव्हा वाडी जमलेली होती. सारिका शकूच्या कानाशी लागून म्हणाली, "काकी, कावळ्यानं खाल्लं म्हना. आमी पन म्हनू. कोन पुसतंय?"

कोणीच पुसलं नसतं. झाडावर कावळे होतेही.

"शकुंतलाबाई," गुरुजी म्हणाले, "हे ताट तुम्ही जेवलात?"

शकूने डाव्या हाताने तोंड पुसलं.

"हो."

"मग जेवायचं नाही असं सकाळी गावाला सांगितलंत ते?"

"सांगितलं व्हतं."

"मग का जेवलात?"

"भूक लागली व्हती," शकू म्हणाली.