माळ्यावरचे भोपळे

नर्मदाबाईच्या परसात, उकिरड्याच्या कडेला, भोपळ्याचा वेल असा माजायचा की गावात नवख्या माणसाला "वेलाचं घर" एवढंच सांगितलं तरी बराबर दार सापडायचं. दिवाळी उरकली की तिचा नवरा मुंजाजी आणि लेक प्रभू मेंढरं घेऊन कयाधू नदीच्या काठाकाठानं निघायचे. मधून पीठमीठ न्यायला एखादी चक्कर, बाकी पार मृगाच्या तोंडावर परत. तोवर घरी सासू आणि सून रागिणी, दोघीच. उन्हाळ्यात शिवारात हिरवं पान राहायचं नाही. तेव्हा माळ्यावरून एकेक भोपळा खाली यायचा आणि भाकरीसोबतच्या कोरड्यासाचं भागायचं.

भोपळे काढायचे ते नर्मदाबाईनंच. नख रुतता कामा नये, देठ वाळून कडक झालेला पाहिजे, तोडताना चार बोटं देठ फळाला राहिला पाहिजे. मग आठ दिवस ऊन दाखवायचं आणि माळ्यावर कडबा पसरून, एकमेकाला न टेकवता मांडायचे. तीस वर्षांत तिच्या घरचा भोपळा सडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पण त्या साली तिला विळाच नीट दिसेना. डावा डोळा तर गेल्यातच जमा होता. उजव्यानं समोरचं दिसायचं, बाजूचं सगळं काळं. दोन वर्षं ती हे लपवून होती. त्याला कारण होतं. तिची सासू आंधळी होऊन आठ वर्षं सोप्यातल्या कोपऱ्यात बसून होती, आणि तिच्या ताटात भाकर टाकताना नर्मदाबाईच एकदा शेजारणीला म्हणाली होती, "आता हिचा काय उपेग?" म्हातारीनं ते ऐकलं होतं. हातातला घास तिनं परत ताटात ठेवला होता.

म्हणून रागिणी धुणं घेऊन ओढ्यावर गेल्याचं पाहून नर्मदाबाई एकटीच वेलात शिरली. चाचपून देठ धरायचा आणि विळा ओढायचा. पहिले चार नीट निघाले. पाचव्याला विळा घसरला आणि हाताला गार, चिकट लागलं. मग आणखी एकाला, आणखी एकाला, असं होतच राहिलं. दोनांचे तर देठ मुळापासूनच तुटले. तिनं जखमांवर चुलीतली राख दाबली आणि ते भोपळे जखमेची बाजू खाली करून उन्हात मांडले. आठ दिवसांनी रागिणीनं शिडीवर उभं राहून ते एकेक माळ्यावर चढवले, तेव्हा नर्मदाबाई खालून हातात देत होती. राखेची बाजू स्वतःच्या तळव्याखाली झाकून.

पौषात घरात वास सुटला. आधी दोघींना वाटलं, उंदीर मेला असंल. त्याच दिवशी प्रभू पीठ न्यायला आलेला. तो माळ्यावर चढला आणि नाकाला धोतर लावून खाली उतरला. चौदा भोपळ्यांतले नऊ सडले होते. पाणी सुटून कडबा काळा पडला होता.

"वर कुणी ठिवले हे?" त्यानं विचारलं.

"म्या ठिवले," रागिणी म्हणाली.

"आपटले असतील! मायच्या हातानं आजवर एक बी सडला न्हाई. तुझं ध्यान कुटं ऱ्हातं? आमी रानात कोरडी भाकर खाऊन राहिलो अन् तू घरी बसून इतकं बी करंना?"

रागिणीनं सडक्यांतला एक भोपळा उचलून उंबऱ्यापाशी उजेडात धरला. "आपटल्यानं असं व्हत न्हाई. ह्यो विळ्याचा वार हाय. म्या तर विळा धरलाच न्हाई." आणि तिनं सासूकडं पाहिलं.

नर्मदाबाई पीठ बांधत होती. ती बांधतच राहिली.

"वरून उलट बोलती?" प्रभूनं हात उगारला. मारलं नाही, पण अंगणात शेजारची कमलबाई उभी होती आणि तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रभू पीठ घेऊन रानात परतला आणि रागिणी पिशवी भरून नरसीला माहेरी निघून गेली. जाताना सासूच्या पाया पडली.

पुढचे सहा दिवस नर्मदाबाईला फार जड गेले. एकटीला घर उरकत नव्हतं. चुलीवरचा तवा हाताला लागून बोटं भाजली, पाण्याची घागर उंबऱ्यावर फुटली. तरी तिला खरं खात होतं ते वेगळंच. आपण तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर कोपरा नशिबी आला असता. तो कोपरा चुकवायला आपण सुनेवर हात उगारू दिला.

सातव्या दिवशी ती कमलबाईला म्हणाली, "मला कळमनुरीला हिंगोलीच्या गाडीत बसवून दे."

"काहून?"

"नरसीला जायचंय."

गाडीची पाटी तिला दिसली नाही. हिंगोलीला चार माणसांना विचारत तिनं नरसीची गाडी गाठली आणि दुपारी व्याह्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. व्याही कोंडीबा बाजेवरून उठून "बसा" म्हणाले, पण ती बसली नाही.

"भोपळे म्या खराब केले," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मला दिसत न्हाई. वार लागला ते मला त्याच टायमाला कळलं व्हतं. राख लावून झाकलं. पोरीची काय बी चूक न्हाई."

आतून रागिणी आली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता.

"मग त्या दिवशी काहून न्हाई बोललात, आत्या? त्यांनी हात उगारला तवा तरी?"

"भ्याले."

"मी न्हाई का भ्याले?"



दुसऱ्या दिवशी रागिणीच तिला हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उजव्या डोळ्यात उरलेली मात्र जन्मभर थेंब टाकून टिकवता येणार होती. "दोन वर्षं आधी आला असतात तर..." एवढं म्हणून तो चिठ्ठी लिहू लागला.

रागिणी सासूसोबत घरी परतली, पण एका अटीवर. प्रभूला सगळं नर्मदाबाईनंच सांगायचं. शिमग्याला तो आला तेव्हा तिनं अंगणात, कमलबाईला मुद्दाम बोलावून, सांगितलं. प्रभू खाली मान घालून बसला. रागिणी त्याच्यासाठी थांबली नाही. घरी राखलेल्या एका मेंढीला पाणी दाखवायला निघून गेली. कमलबाई त्याला म्हणाली, "उठ की, जा तिच्यामागं." तो उठला तर खरा, पण दारापर्यंत जाऊन परत फिरला.

रागिणी रोज सकाळ-संध्याकाळ सासूच्या डोळ्यात थेंब टाकायची. डोकं मागं धरायची, पापणी हलक्या हातानं उघडायची. बोलणं मात्र कामापुरतंच. चैत्र सरत आला तरी नर्मदाबाई वाट पाहत होती की ही कधी तरी चिडून का होईना, चार शब्द जास्तीचे बोलंल.