दाराकडची रेघ

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरात जेवणाच्या टेबलावर चार महिने कुणी जेवलं नव्हतं. तिथे दिगंबररावांनी बनवलेल्या, कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी उभ्या होत्या, बोटभर लांबीच्या, बारा. "आमच्याकडे बारा वाघिणी पाळल्यात, मला कुठली जागा!" असं सुमित्राबाई फोनवर मुलीला सांगायच्या आणि ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायच्या. भांडायचाही आता कंटाळा आला होता.

वाघिणी १९५७ सालच्याच हव्या होत्या. त्या साली दोघं इंग्लंडात डर्बीला राहायला गेले होते, रुळांलगतच्या भाड्याच्या खोलीत. खाणमालकांची नावं रंगवलेल्या जुन्या लाकडी वाघिणी तेव्हा मागे पडत होत्या आणि करड्या पोलादी येत होत्या. पुस्तकातला एकुलता एक फोटो भिंगाखाली धरून दिगंबररावांनी अक्षर न् अक्षर जुळवलं होतं. काचबिंदूनं नजर जात चालली होती. रविवारचं मॉडेल रेल्वे क्लबचं प्रदर्शन आपलं शेवटचं, हे ते जाणून होते.

शनिवारी दुपारी त्यांनी ब्रश खाली ठेवला. "या शेवटच्या वाघिणीची तिरकी पांढरी रेघ तू ओढ. मला कडच दिसत नाही."

"मला कुठे येतंय ते?"

"जन्मभर काडीनं कपाळावर गंध रेखतेस ना? तेही आरशात बघून."

सुमित्राबाईंनी गंधाची काडी आणली. एका बाजूची रेघ नीट आली. दुसऱ्या बाजूसाठी नमुना म्हणून त्यांनी शेजारची वाघीण उलटी फिरवली आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, रेघ दाराकडे चढायला हवी ना?"

"कसल्या दाराकडे?"

"वाघिणीच्या एका टोकाला दार असायचं, कोळसा बाहेर ओतायला. रेघेचं वरचं टोक तिकडे. तुम्ही ऑफिसात असायचात, मी दिवसभर खिडकीत. खिडकीतून उजवीकडे चढलेली रेघ पूल ओलांडून रुळांच्या पलीकडे गेलं की डावीकडे चढलेली दिसायची. तुम्ही दोन्ही बाजूंना उजवीकडेच चढवलीय."

"फोटोत एकच बाजू आहे गं. म्हणजे अकराही चुकल्या?"

"राहू द्या. लोक एकाच बाजूनं बघणार."

"मला कळलंय ना आता."

"तुम्हाला तरी कुठे दिसणार आहे!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. दिगंबरराव हातातलं भिंग नुसतंच पुसत राहिले. स्वयंपाक व्हायचा होता, दारातलं बर्फ ओढायचं होतं, गुडघे ठणकत होते. सुमित्राबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि करड्या रंगाची डबी उघडली.

"द्या पहिली."

दिगंबररावांनी वाघीण उचलली आणि अंगठ्यानं दोन्ही टोकं चाचपली. एका टोकाला बिजागरीचे बारीक उंचवटे लागले. "दार इकडे."

चुकलेल्या रेघेवर करडा हात फिरवायचा, सुकायला ठेवायची, पुढची घ्यायची; सुकलेल्या वाघिणीवर काडीनं नवी रेघ ओढायची. सातव्या वाघिणीला त्या म्हणाल्या, "उद्या तिकडून आल्यावर हे टेबल मोकळं करायचं."

"हं," म्हणत ते आठवी चाचपू लागले. "दार इकडे."