सेकंदाला साठ चित्रं

“परत अडकलं,” तौहीद म्हणाला आणि त्यानं हातातला गेमचा कंट्रोलर टेबलावर ठेवला. “पुलाच्या मधोमध होता हरकारा. तो एकदम दरीतच दिसला. मधलं कायच नाय.”

समोर बसलेल्या निशिगंधानं आपल्या लॅपटॉपवरची गेमचा वेग दाखवणारी हिरवी रेघ पुन्हा एकदा न्याहाळली. रेघ सुतासारखी सरळ होती.

“तौहीदभाई, साठच्या खाली आलंच नाय ओ. एकदापन नाय.”

“मग मला दिसलं ते काय?”

 निशिगंधानं लॅपटॉप मिटला आणि ती आपल्या जागेवर गेली. तौहीदनं अकरावी तक्रार नोंदवली.

महाप्याच्या त्या कंपनीत तौहीद तेरा वर्षं गेम तपासत होता. वय त्रेचाळीस. आजूबाजूची पोरं त्याच्या निम्म्या वयाची, पण त्याच्या नजरेपुढे सगळे वचकून असत. गेममध्ये दर सेकंदाला साठ चित्रं पळायला हवीत आणि सत्तावन्न पळत असतील, तर यंत्र सांगायच्या आधी तौहीद सांगायचा. पोरं मुद्दाम आकडा झाकून त्याची परीक्षा घ्यायची आणि हरायची.

यंदाचा गेम जुन्या काळच्या डाक-हरकाऱ्याचा होता. खांद्यावर टपालाची थैली टाकून घाट, जंगल, खाडी पार करत धावणारा माणूस. त्याच्या दोन सेटिंग होत्या. एका सेटिंगमध्ये गवताचं पातं न् पातं, पागोट्याची वीणसुद्धा दिसायची, पण सेकंदाला तीसच चित्रं. दुसरीत चित्र जरा पुसट, पण साठ. हरकारा पाण्यासारखा वाहायचा. ही साठची सेटिंग निशिगंधानं चार महिने खपून बसवली होती. तळवलीची ही पोरगी, घरात पहिलीच इंजिनिअर. आता वेळ थोडा उरला होता आणि दोन्हींपैकी एकच सेटिंग ठेवायची, असं वरून आलं होतं. तौहीदला स्वतःला साठचीच आवडायची. झाडाचं पुसट पान माणूस विसरतो, पण धावता धावता अडखळलं तर खेळावरचा विश्वास उडतो, असं तोच सगळ्यांना सांगायचा. म्हणून तर या तक्रारी लिहिताना त्याचा जीव तुटत होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. तपासणीचं यंत्र शेवटच्या काही मिनिटांचं चित्रण आपोआप साठवून ठेवायचं. तौहीद ते तक्रारीला जोडायचा, पण कधी उघडून बघायचा नाही. डोळ्यांनी पाहिलेलं परत काय बघायचं? आज मात्र निशिगंधाचा उतरलेला चेहरा त्याला सोडत नव्हता. त्यानं चित्रण लावलं.

हरकारा पुलावर आला. मधोमध थांबला. थांबूनच राहिला.

पण बाजूचं गवत हलत होतं. खालून ओढा वाहत होता. एक बगळा उजवीकडून आला आणि सबंध पडदा ओलांडून डावीकडे गेला. मग हरकारा दारूड्यासारखा दोन पावलं तिरका चालला आणि कठड्यावरून खाली गेला.

तौहीदनं पुन्हा लावलं. घड्याळ बघितलं. सात सेकंद. त्या सात सेकंदांत गेम कुठेच अडकला नव्हता. कंट्रोलर धरणारा अडकला होता.

कंट्रोलर बिघडला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुसरा घेतला. सेटिंगही बदलून तीसची केली आणि खेळायला बसला. बराच वेळ काही झालं नाही. हरकारा तळ्याच्या काठी होता. पुढच्या क्षणी त्याच्या छातीवर लांडगा होता. तौहीदनं चित्रण उघडलं. लांडगा लांबून, चांगला झाडीतून दिसत येत होता. हरकारा नुसता त्याच्याकडे बघत उभा. नऊ सेकंद.

तौहीदनं ते चित्रण पुसून टाकलं. मान वळवून मागं बघितलं. कुणी नव्हतं. ए.सी.च्या गारव्यातही त्याच्या पाठीला घामानं सदरा चिकटला होता.

मग त्याला एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात हातातला चहा सांडला होता आणि सांडताना दिसलाच नव्हता. त्याची बायको शमीम जेवताना म्हणायची, “अवो, कुठं गेलाव? मी भिंतीशी बोलतंय का?” तो हसून म्हणायचा, “डोक्यात गेम हाय.” तीही तेच धरून चालली होती.

गुरुवारी मीटिंग झाली. टीमचा प्रमुख विपुल वयानं लहान, पण समजूतदार होता.

“रेघ काय म्हणते ते जाऊ दे,” तो म्हणाला. “अकरा वेळा तौहीदभाईंना दिसलंय. त्यांची नजर चुकत नाय. साठची सेटिंग काढून टाकू. उद्या संध्याकाळी फायनल करतो. तौहीदभाई, बरोबर ना?”

निशिगंधा टेबलाकडे बघत पेनाचं टोपण काढत-लावत होती. तौहीदनं तोंड उघडलं. काय सांगणार होता? नजरेवर नोकरी करणाऱ्या माणसानं सांगायचं, की मधेच मी नसतोच? पुढं कोण ठेवून घेईल? आणि डॉक्टरनं डोक्यात काही भलतंच सांगितलं तर?

“बरोबर,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

रात्रभर त्याला नीट झोप नव्हती. शुक्रवारी सकाळी नेहमीसारखं मुलीला, इक्राला, स्कूटरवर मागं घेऊन तो तळोज्याच्या घरातून निघाला. ती दहावीला होती. तिला खारघरला शाळेत सोडून तो पुढं महाप्याला जायचा. सिग्नलला ट्रेलरची रांग उभी होती. तौहीदनं लांबूनच ती बघितली, वेग कमी केला.

मग तो रस्त्याकडेच्या मातीत आडवा होता. स्कूटर पायावर पडली होती, चाक फिरत होतं आणि हातभर अंतरावर ट्रेलरचा मागचा लोखंडी दांडा होता. कुणीतरी ओरडत होतं.

“अब्बा! अब्बा, आयकू येतंय का?”

इक्राची हनुवटी सोलवटली होती. तिनं मागून हात घालून ब्रेक दाबला होता. स्कूटर घसरली म्हणून दोघं वाचली. लोकांनी उचललं, पाणी दिलं. ‘चक्कर आली असेल’ म्हणाले. रिक्षात बसल्यावर इक्रा हळूच बोलली.

“मी तीनदा हाक मारली. तुमी सरळ बसलेलाव. डोळे उघडे होते. पन तुमी…”

घरी शमीमनं पोरीची हनुवटी पुसली, नवऱ्याचा पाय बघितला आणि मग ती त्याच्यासमोर बसली. तौहीदनं सगळं सांगितलं. पूल, बगळा, लांडगा. सांगून झाल्यावर म्हणाला, “पन खात्री केल्याबिगर मी कुणाला कायपन सांगनार नाय. इक्रा, तुझा मोबाईल घे. मी खेळतंय. माझं तोंड दिसंल असं धर.”

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला,” शमीम म्हणाली.

“आधी मला बघू दे. संध्याकाळी तिकडं एका पोरीची मेहनत कचऱ्यात जानार हाय.”

तो घरच्या टीव्हीवर आपला जुना गेम लावून बसला. इक्रा बाजूच्या खुर्चीवर मोबाईल धरून, शमीम दारात. अर्धा तास गेला. तौहीदची नायिका होडीत बसली होती आणि होडी आपली आपण, कंट्रोलरवर काही न दाबता, खाडी ओलांडत होती. पैलतीर आला. तौहीदला मोकळं वाटायला लागलं. एकदाही उडी नाही. एकदाही खंड नाही. त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“बघा,” तो हसून म्हणाला, “काय झालं? कायपन नाय. सकाळी उपाशीपोटी निघालो म्हनून…”

शमीमनं पदर तोंडावर धरला होता. इक्रानं मोबाईल अजून त्याच्या तोंडावरच धरला होता.

“आता झालं, अब्बा,” ती म्हणाली. “आत्ताच.”

तिनं दाखवलं. मोबाईलमध्ये एक माणूस सोफ्यावर बसला होता. त्याचे डोळे टीव्हीवर होते. ओठ हळूहळू हलत होते, तोंडात काही नसताना चावल्यासारखे. डाव्या हाताची बोटं सदऱ्याचं बटण चाचपत होती, सोडत होती, पुन्हा चाचपत होती. दारातून शमीमचा आवाज आला, “अवो… अवो, आयकता का… या अल्ला, अवो!” माणसानं वळून बघितलं नाही. बावीस सेकंद. मग त्यानं मान जराशी हलवली आणि खेळू लागला, जणू काही झालंच नव्हतं.

ती हाक तौहीदनं आता पहिल्यांदा ऐकली. या खोलीत, दहा फुटांवरून मारलेली. इतकी भीती त्याला ट्रेलरखाली जाता जाता वाचल्यावरही वाटली नव्हती. जे दिसलं नाही ते नव्हतंच, असं धरून तो कितीतरी दिवस जगत आला होता.

शमीमनं ओळखीतून सोमवारी सकाळची डॉक्टरची वेळ मिळवली. मग ती त्याच्याबरोबर रिक्षानं महाप्याला आली आणि ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. आत तौहीदनं विपुलला आणि निशिगंधाला बोलावलं. उभ्या उभ्याच सांगितलं. मोबाईलमधलं दाखवलं नाही. ते त्याला जमलं नसतं. फक्त पुलावरचं चित्रण लावलं आणि बगळ्यावर बोट ठेवलं.

“हा उडतोय. म्हंजे गेम चालू हाय. मी नाय.”

 तौहीद खुर्चीवर बसला आणि त्यानं आपल्या अकरा तक्रारी एकेक करून उघडल्या. तक्रार बंद करताना कारण लिहावं लागायचं. त्यानं प्रत्येक ठिकाणी तेच लिहिलं: ‘दोष तपासणाऱ्याचा. गेमचा नाही.’ चिकटवता आलं असतं, पण अकराही वेळा त्यानं ते हातानं टाइप केलं.

“तौहीदभाई,” निशिगंधा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी महिनाभर मनातल्या मनात तुमाला शिव्या घातल्या ओ.”

“घालायलाच पायजे होत्या. मोठ्यानं घातल्या असत्यास तर लवकर कळलं असतं.”

विपुलनं घसा खाकरला. “पण तौहीदभाई, तुमच्या मते… साठचीच ठेवू?”

तेरा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर तौहीदनं कायम फटकन दिलं होतं. आता त्यानं आधी त्या अकरा बंद तक्रारींकडं बघितलं.

“जेवढं मी बघितलं तेवढं एकदम सुंदर हाय,” तो म्हणाला. “जे नाय बघितलं त्याचं दुसऱ्या कुनाला तरी विचार.”

सोमवारी डॉक्टरबाईंनी मोबाईलमधलं चित्रण दोनदा पाहिलं. हा फिटचाच एक प्रकार, त्या म्हणाल्या. यात माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही, नुसता हरवतो. त्याच दुपारी काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक छोटा व्रण निघाला, फार जुना. गेम खेळून झालेला नव्हे. गोळ्या नियमित घ्यायच्या, कदाचित पूर्ण थांबेल, कदाचित नाही. गाडी चालवायची नाही. उंचावर चढायचं नाही. आंघोळीला आतून कडी लावायची नाही. ऑफिसनं ‘आधी बरे व्हा, मग बघू’ म्हटलं होतं. कधी बघू ते म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शमीमनं न्हाणीघराच्या दाराची कडी स्क्रू काढून उतरवली. इक्रानं खालून दार धरलं. लाकडात चार भोकं उरली.

तौहीद टॉवेल घेऊन आत गेला. दार नुसतं लोटलं. ते बोटभर उघडंच राहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तो कधी बायकोसमोर उघड्या अंगानं वावरलेला नव्हता. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. वहीची पानं उलटायची थांबली. दोघीजणी दाराकडं कान लावून श्वास रोखून बसल्यात, हे त्याला न बघता कळलं.

त्यानं बादलीतलं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. थोडं थांबला. मग खाकरून, जरा मोठ्यानं म्हणाला, “हाय मी.”



त्यानं दुसरा तांब्या ओतला. “हाय,” तो म्हणाला. साबण लावला. “हाय.” आणि पाणी संपेपर्यंत दर तांब्याला तो तसंच म्हणत राहिला.