यूननची धून आणि हॉलचं दार

"गेल्या वर्षी मी सायकलवर बसून हवेत उडालो होतो, आणि हे तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही," मी म्हणालो.

संगीत महोत्सवाची पहिली दुपार होती. गावच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात आम्ही स्वयंसेवक पिवळी जाकिटं घालून वादकांसाठी सँडविच करत होतो. माझी मेहुणी ग्रोन्या खाली मान घालून पावाला लोणी लावत होती.

"दरवर्षी तू काहीतरी उडवतोसच, मॅनस," कॉन्डी म्हणाला. तो माइक आणि स्पीकरचं बघतो. "मागच्या खेपेला गाढव होतं."

"गाढव खरं होतं. आता ऐक."

बत्तीस वर्षं या हॉलचं दार मी सांभाळतोय. त्या कामाला नियम एकच. आत कुणी फिडलवर संथ धून धरली, की ती संपेपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेर कोण का असेना. एका साली बिशप पावसात उभा राहिला, त्याची टोपी इतकी आटली की पुढे ती उकडलेल्या अंड्यावर बसायची.

"अंडं कोंबडीचं की बदकाचं?" कॉन्डीने विचारलं.

"बदकाचं. मी खोटं कशाला बोलू?"

माझी बायको नॅब्ला गेल्या वर्षी एप्रिलपासून अंथरुणाला खिळली होती. तरी महोत्सवाच्या शनिवारी माझं जाकीट कुठल्या खुंटीवर आहे ते तिनेच सांगितलं. म्हणाली, "जा तू. तुझ्यासारखं दार कुणाला धरता येत नाही. फक्त मी बोलावलं की ये." मी म्हटलं, येतो.

दुपारी यूननने फिडलवर त्याची संथ धून धरली. म्हातारा वर्षातून एकदाच ती वाजवतो. छपरावरच्या समुद्रपक्ष्यांनी पंख मिटले. कपातला चहा निवायचा थांबला. आणि मधेच मला आतून कळलं, नॅब्ला बोलावतेय. मग मी काय केलं? बत्तीस वर्षांचा नियम मोडला. दार सताड उघडलं, सायकलवर टांग टाकली. समुद्रावरून असा वारा सुटला की पायडल मारावंच लागलं नाही. चाकं जमिनीवरून सुटली. दगडी बांध खाली, मेंढ्या खाली, चर्चच्या कळसावरचा पत्र्याचा कोंबडा माझ्या टाचेला घासून गेला. दोन मैल, चार मिनिटं.

ती जागी होती. म्हणाली, "आलास? आणि दार?" मी म्हटलं, "खड्ड्यात गेलं दार." ती हसली. मी तिचा हात हातात घेतला. खिडकी उघडी होती, माळावरून यूननची धून येत होती. आम्ही दोघांनी ती ऐकली. शेवटचा सूर थांबला, आणि तिचा हातही.

कॉन्डीने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "दोन मैलांवरून फिडल ऐकू आलं?"

"वारा होता ना," मी म्हणालो.

ग्रोन्याने सुरी खाली ठेवली. हात पुसले, बोट न बोट.

"वारा नव्हता, मॅनस," ती म्हणाली. "त्या दिवशी पान हलत नव्हतं. नॅब्ला तुझं नाव घेत होती, म्हणून नर्सला तिच्याजवळ बसवून मी गाडी काढली. मी हॉलचं दार तीनदा वाजवलं. तू काचेतून माझ्याकडे बघितलंस आणि एक बोट वर केलंस. थांब म्हणून. धून संपल्यावर आपण घरी पोचलो तेव्हा नर्सने तिचे डोळे मिटले होते."

मी पावाचे काठ कापत राहिलो.

"दाराला कडी नव्हती," ती म्हणाली. "मला ढकलता आलं असतं. पण आत यूननची धून चालली होती. मीही थांबले."